दोनशेपाचचा हट्ट: मूळ अलॉयवर रुंद टायर बसवण्याचं एक प्रकरण

गाडी फोक्सवॅगन पोलो, १.२ लिटर पेट्रोल, भाच्याने सेकंड हँड घेतलेली. कंपनीचेच १५ इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, आणि त्यांवर कंपनीच्याच मापाचे १८५/६० आर १५ टायर. चारही टायर गोटा व्हायला आले होते, नक्षी दोन मिलिमीटरच्या आसपास उरली होती. डाव्या पुढच्या टायरला बाजूने फुगा आलेला आणि दोन अलॉयची आतली कड वाकलेली. म्हणजे टायर बदलायचे की नाही हा प्रश्नच नव्हता. कुठल्या मापाचे घ्यायचे, एवढंच ठरायचं होतं.

वापरही आधी सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. भाचा इंदिरानगरला राहतो आणि रोज सिन्नर एमआयडीसीला जातो. सासुरवाडी पेठला, त्यामुळे सावळघाट ठरलेला. कधी सिन्नरच्या बाजूने समृद्धीवर चढून संभाजीनगर, तर कधी कसारा उतरून मुंबई. शहरातले खड्डे वेगळे सांगायला नकोत. पावसाळ्यानंतर नाशिककर गाडी रस्ता बघून नाही, खड्डा बघून चालवतो.

दुकानदाराने त्याला २०५/६० आर १५ सुचवला होता.

"मामा, तो म्हणतो दोनशेपाच बिनधास्त बसतो. रोडग्रिप वाढते, गाडी भरलेली दिसते, आणि अलॉय बदलायचीही गरज नाही."

"बसतो म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारलंस का?"

"बसतो म्हणजे बसतो ना!"

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी) हातात घेतल्याशिवाय मला कुठल्याच 'बसतो'वर भरवसा बसत नाही. तेव्हा दुकानदाराला खोटं पाडायच्या भानगडीत न पडता आधी रिम बघायची ठरवली.

रिमवर काय लिहिलंय

चाक काढून मागून पाहिलं की अलॉयच्या आतल्या बाजूला माप ओतलेलं असतं. इथे होतं ६ जे × १५. पंधरा हा व्यास, तो सगळ्यांना ठाऊक असतो. सहा म्हणजे रिमची रुंदी इंचांत, टायरचे दोन्ही बीड, म्हणजे आतल्या ताठ कडा, जिथे टेकतात त्या दोन कडांमधलं अंतर, साधारण १५२ मिलिमीटर. 'जे' हा कडेच्या आकाराचा प्रकार. टायर निवडताना खरा आकडा हा सहा. दुकानात त्याबद्दल कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

टायरच्या अंगावरचा १८५ किंवा २०५ हा आकडा टायरची स्वतःची ठाम रुंदी आहे असं आपण धरून चालतो. तसं नसतं. टायरची रुंदी एका ठरलेल्या रुंदीच्या रिमवर चढवून, हवा भरून मोजतात. १८५/६० साठी ती मोजणीची रिम साडेपाच इंची आहे, १९५/६० आणि २०५/६० साठी सहा इंची, २०५/५५ साठी साडेसहा इंची. रिम अर्धा इंच रुंद किंवा अरुंद झाली की तोच टायर साधारण ५ मिलिमीटरने पसरतो किंवा आक्रसतो. शिवाय प्रत्येक मापाला चालणाऱ्या रिमची मर्यादा ठरलेली असते: १८५/६० ला ५ ते साडेसहा इंच, १९५/६० ला साडेपाच ते सात, २०५/६० ला साडेपाच ते साडेसात.

आता भाच्याच्या गाडीचा हिशोब लावू. १८५/६० ची मानक रुंदी साडेपाच इंची रिमवर १८९ मिलिमीटर. इथे रिम सहाची, म्हणून तोच टायर १९४ च्या आसपास पसरलेला असणार. व्हर्नियर लावला तर जुन्या टायरला जवळपास तेवढीच रुंदी मिळाली. १९५/६० ची रुंदी सहाच्या रिमवर २०१. म्हणजे कागदावर दहा मिलिमीटरने मोठा वाटणारा टायर प्रत्यक्षात सातच मिलिमीटरने रुंद, दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन. २०५/६० सहाच्या रिमवर २०९, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसात.

याचा एक अर्थ मला स्वतःला अनपेक्षित होता. दुकानदार रिमबद्दल चुकीचं बोलत नव्हता. सहा इंची रिमवर दोनशेपाच केवळ चालतो असं नाही, ती त्याची मोजणीचीच रिम आहे. पाच इंची रिमवाल्या गाडीला कोणी दोनशेपाच चढवला असता तर टायर रिमच्या बाहेर पोट काढून बसला असता, वळणावर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, लोळली असती आणि नक्षी मधूनच झिजली असती. इथे तसं काही होणार नव्हतं. दोनशेपाचला नाही म्हणायचं तर कारण दुसरीकडे शोधावं लागणार होतं.

रुंदी विसरा, उंची बघा

टायरच्या मापातला मधला आकडा, म्हणजे ६०, ही टक्केवारी आहे. रुंदीच्या साठ टक्के एवढी साइडवॉलची उंची. म्हणून रुंदी वाढवून तो आकडा तसाच ठेवला की उंचीही गुपचूप वाढते. पंधरा इंची रिम म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात साइडवॉल दोनदा मिळवली की टायरचा बाहेरचा व्यास निघतो. आम्ही समोर ठेवलेली मापं अशी:

| माप | साइडवॉल (मिमी) | व्यास (मिमी) | मूळ मापापेक्षा | लोड इंडेक्स |
|---|---|---|---|---|
| १८५/६० | १११ | ६०३ | – | ८४ |
| १९५/५५ | १०७ | ५९५.५ | १.२ टक्के कमी | ८५ |
| १९५/६० | ११७ | ६१५ | २ टक्के जास्त | ८८ |
| १८५/६५ | १२० | ६२१.५ | ३.१ टक्के जास्त | ८८ |
| २०५/५५ | ११३ | ६०६.५ | ०.६ टक्के जास्त | ८८ |
| २०५/६० | १२३ | ६२७ | ४ टक्के जास्त | ९१ |

लोड इंडेक्स म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा: ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६० आणि ९१ म्हणजे ६१५. मूळ टायरपेक्षा हा आकडा खाली जाता कामा नये. इथे एकही माप त्यावर बाद होत नव्हतं.

हे कोष्टक भाच्यासमोर ठेवलं आणि त्याला विचारलं की तुझी नेमकी तक्रार काय आहे? तो सांगत गेला: खड्ड्यात गाडी आपटते, अलॉय वाकले, टायरला फुगा आला, पेठच्या रस्त्याला खालून घासतं. यातली एकही तक्रार रुंदीची नव्हती. सगळ्या उंचीच्या होत्या. खड्ड्याच्या धारेवर चाक आदळतं तेव्हा धार आणि रिम यांच्यामध्ये जेवढी हवा असते तेवढाच बचाव. साइडवॉल चिमटली गेली की तिच्यातले धागे तुटतात आणि मग तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकायचाच. भाच्याला हवी होती थोडी जास्त हवा, आणि दुकानात त्याच्या हातात रुंदी ठेवली जात होती.

१९५/५५ तिथेच बाद झाला. दिसायला रुंद, पण साइडवॉल मुळापेक्षाही चार मिलिमीटरने कमी. गुळगुळीत रस्त्यावरच्या हौशी चालकाला तो आवडेल, द्वारका चौकातून रोज जाणाऱ्याला नाही. २०५/५५ कागदावर छान, व्यास जवळजवळ मूळचाच. पण साइडवॉलमध्ये दोनच मिलिमीटर पदरात पडतात आणि आम्ही विचारलं त्या दुकानांत ते माप कोणाकडे नव्हतं. उद्या एक टायर फाटला तर जोडीला दुसरा आणायचा कुठून?

उरले तीन: १९५/६०, १८५/६५ आणि तो २०५/६०.

दोनशेपाच का नाही

व्यास २४ मिलिमीटरने वाढला म्हणजे गाडी १२ मिलिमीटरने उचलली जाते, ते चांगलंच. पण चाक एका फेऱ्यात चार टक्के जास्त अंतर कापतं, म्हणजे प्रत्येक गिअर चार टक्क्यांनी लांब होतो. हे तीन सिलिंडरचं ७५ पीएसचं इंजिन. चार माणसं, डिकी भरलेली आणि समोर सावळघाट, अशा वेळी हे इंजिन आधीच दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये लोंबकळतं. तिथे चार टक्के जाणवतात. टायरही जड होतो, आणि तो वाढीव भार चाकाच्या बाहेरच्या टोकाला बसतो, जिथे फिरवायला आणि थांबवायला सगळ्यात जास्त जोर लागतो.

दुसरी गोष्ट वेगमापकाची. गाडीतला मीटर चाकाचे फेरे मोजतो. टायर केवढा आहे हे त्याला कळत नाही. म्हणून कंपन्या तो मुद्दाम थोडा जास्त दाखवणारा ठेवतात. यूएन रेग्युलेशन ३९ नुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नाही. जुन्या झिजलेल्या टायरवर मीटरला १०० ठेवले तेव्हा मोबाइलच्या जीपीएसवर ९४ येत होते. त्याच गाडीला कोरा २०५/६० चढवला तर मीटरच्या १०० ला खरा वेग ९९ च्या वर, जवळजवळ शंभरच. म्हणजे कंपनीने ठेवलेली सगळी शिल्लक एका टायरबदलात खर्च. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि तिथे पाय जड असणाऱ्यांपैकी आमचा भाचा एक. त्याला ती शिल्लक राहिलेली बरी.

तिसरं, जागा. पुढचं चाक पूर्ण वळवलं की ते आतून शॉकॲब्सॉर्बरच्या नळीजवळ आणि बाहेरून मडगार्डच्या प्लास्टिक लायनरजवळ जातं. बाजूला साडेसात आणि वर बारा मिलिमीटर, दोन्ही एकदम वाढले तर कुठेतरी घासण्याची शक्यता खरी असते. 'आधी बसवलेत' यावर दुकानदाराचा भर होता. ज्यांना बसवले त्यांच्या गाडीत पाच माणसं बसवून, स्टिअरिंग पूर्ण कापून खड्ड्यात घालून पाहिलं का, हे मी फोनवर विचारलं. उत्तर आलं नाही, चहाचं आमंत्रण आलं.

१८५/६५ की १९५/६०

इथे मामा-भाच्यात खरा वाद झाला. माझं मत १८५/६५ ला होतं. साइडवॉल नऊ मिलिमीटरने जास्त, रुंदी तीच, त्यामुळे बाजूला घासायचा प्रश्न नाही. आणि मुख्य म्हणजे हे माप स्विफ्ट, अर्टिगा अशा गाड्यांना कंपनीकडूनच येतं. रात्री नांदगावला टायर फाटला तरी हे माप मिळेल. किंमतही त्यामुळे आटोक्यात. व्यास तीन टक्क्यांनी वाढतो ही त्याची उणीव. पण त्यावरही उत्तर होतं: पोलोच्याच वरच्या व्हेरियंटला कंपनीने नंतर १६ इंची अलॉय आणि १९५/५५ आर १६ टायर दिले. त्यांचा व्यास निघतो ६२१ मिलिमीटर. म्हणजे या मडगार्डखाली ६२१ चं चाक मावतं हे खुद्द कंपनीने दाखवलेलं आहे. दुकानदाराच्या शब्दापेक्षा हा पुरावा मला जास्त पटतो.

हाच पुरावा भाच्याने माझ्यावर उलटवला. "कंपनीनेच एकशेपंच्याण्णव रुंदी दिली ना मामा? मग मी पंधरा इंचीत तेच घेतो." त्याचं चुकत नव्हतं. १९५/६० चा व्यास ६१५, म्हणजे त्या १६ इंची चाकापेक्षाही लहान, आणि रुंदी तीच. साइडवॉल सहा मिलिमीटरने वाढते, जमिनीपासूनची उंचीही सहाने. सहाची रिम त्याच्या मोजणीचीच. सिन्नर रस्त्याला रोजचं जाणं-येणं करणाऱ्याला वळणावर थोडी जास्त पकड हवी असेल, तर हट्ट म्हणून उडवून लावण्यासारखं ते नाही. गाडी त्याची, पैसे त्याचे. १९५/६० आर १५, ८८ एच ठरले. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता, मूळ टायरइतकीच.

पकडीबद्दल मात्र त्याला एक सांगून ठेवलं. रुंद टायर जमिनीला जास्त चिकटतो हा समज अर्धाच खरा. टायर जमिनीवर किती जागा टेकवतो हे मुख्यतः त्यावरचं वजन आणि आतली हवा यांवर ठरतं. तीच गाडी, तीच हवा, तर टेकणारा तुकडा साधारण तेवढाच; फक्त तो आडवा पसरतो आणि लांबीला कमी होतो. वळताना त्याचा थोडा फायदा मिळतो. नवे टायर घातल्यावर जे 'काय जबरदस्त पकड आहे' असं वाटतं, त्यात मोठा वाटा नव्या रबराचा आणि न झिजलेल्या नक्षीचा असतो.

पाण्यात तर रुंदी उलटीच जाते, कारण टायरला पुढून जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. नासाच्या लँगली केंद्रात विमानांच्या टायरवर झालेल्या प्रयोगांतून निघालेलं एक जुनं सूत्र आहे: टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग, नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), हवेच्या पीएसआयमधल्या दाबाच्या वर्गमुळाच्या नऊपट. ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो. सूत्र ढोबळ आहे, पाणी साचलेल्या रस्त्यापुरतं आहे, पण आषाढात इगतपुरीच्या अलीकडे-पलीकडे रस्ता नेमका तसाच असतो. हवा कमी तर हा वेगही कमी. आणि नक्षी संपलेली असेल तर सगळंच संपलं. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, टायरच्या खाचांतल्या उंचवट्यांवरून ते कळतं. घाटात पाऊस झेलायचा असेल तर मी तीन मिलिमीटरलाच टायर बदलायला सांगतो.

बसवताना

वाकलेल्या दोन अलॉयचं आधी बघितलं. बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून किती डगमगतात ते पाहिलं. दोन्हींची फक्त आतली कड किंचित दबली होती, तडा कुठेच नव्हता, म्हणून दाबून सरळ करून घेतले. तडा असता तर मी वेल्डिंगला होकार दिला नसता. दुकानं ते सर्रास करून देतात. अलॉयचा तडा वेल्ड करून त्यावर समृद्धीला जाणं मला मान्य नाही.

टायर घेताना बाजूवरचा चार आकडी कोड वाचला. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर एकाच वर्षाचे आणि महिन्या-दीड महिन्याच्या अंतरातले मिळाले. सातपूरला टायरचा कारखाना असलेल्या शहरात तरी शिळा माल घेऊ नये, असं मी भाच्याला म्हटलं. अर्थात दुकानातला माल कुठल्या गोदामातून फिरून येतो त्याचा कारखान्याच्या अंतराशी काही संबंध नसतो. व्हॉल्व्ह नवे टाकले. चाकाचे बोल्ट एअरगनने ठोकून न आवळता टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला लावायला सांगितले. मुलाने रेंच शोधायला बराच वेळ घेतला, पण मिळाला. दोन दिवसांनी ते पुन्हा तपासायचे असतात.

हवेचं माप पोलोला पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेलं असतं, तेच ठेवलं. नव्या टायरची वजन पेलायची ताकद जास्त असल्यामुळे हवा वाढवायचं कारण नाही. 'रुंद आहे, दोन-चार पॉइंट कमी ठेवा, मऊ चालेल' हा सल्लाही मिळाला, तो घेतला नाही. सिमेंटच्या रस्त्यावर भर उन्हात कमी हवेचा टायर साइडवॉलने सतत दुमडतो आणि आतून तापतो. उंच साइडवॉल खड्ड्यासाठी घ्यायची आणि मग हवा कमी ठेवून तो फायदा घालवायचा, यात काही अर्थ नाही. नक्षी पूर्ण टेकते का हे खडूने पाहिलं: टायरवर आडवी जाड रेघ ओढायची, गाडी सरळ थोडी पुढे न्यायची आणि खडू कुठे पुसला गेला ते बघायचं. दोन्ही कडांपर्यंत सारखा पुसला गेला.

घासण्याची परीक्षाही खडूनेच. लायनरच्या आतल्या कडेला आणि मागच्या मडगार्डच्या ओठाला रेघा ओढल्या, पाच जण गाडीत बसवले, डिकीत सामान भरलं आणि सप्तशृंगी गडावर देवीचं दर्शन उरकलं. नांदुरीपासूनच्या घाटात पुरेशी वळणं आहेत. वर पार्किंगमध्ये स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापून मागे-पुढे घेतली. तीन चाकांच्या रेघा जशाच्या तशा. उजव्या पुढच्या लायनरची मात्र पुसलेली. भाच्याचा चेहरा पडला. वाकून पाहिलं तर लायनरची एक क्लिप तुटून तो कोपरा आत लोंबत होता. जुन्या टायरलाही तो लागतच असणार, त्यावरच्या जुन्या घासल्याच्या खुणा तेच सांगत होत्या. क्लिप बदलली आणि पुन्हा रेघ ओढली, ती राहिली.

दोन तक्रारी

पहिली लगेच आली: सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते. दुकानाने अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) पुन्हा केली, कागद हिरवा आला, ओढणं तसंच. इथे बरेच लोक पुन्हा पुन्हा अलाइनमेंटचे पैसे भरत राहतात. सोपी चाचणी म्हणजे पुढची दोन चाकं डावी-उजवी बदलायची. नक्षीला एकाच दिशेने फिरायचं बंधन नव्हतं, म्हणून करता आलं. बदलल्यावर गाडी उजवीकडे ओढायला लागली. म्हणजे दोष चाकांच्या कोनांत नाही, एका टायरमध्ये. टायरच्या आतला पट्टा घडवताना किंचित एका बाजूला सरकला तर टायर शंकूसारखा वागतो आणि एका अंगाला वळायला बघतो. तो टायर मागे टाकला, ओढणं थांबलं. मागच्या चाकाला हा दोष सहसा जाणवत नाही. जास्त असता तर बदलूनच मागितला असता.

दुसरी तक्रार मायलेजची, आणि ती जास्त मजेशीर. भाचा म्हणाला, आधी साडेपंधरा पडायचं, आता १४.८. रुंद टायरने पेट्रोल खाल्लं. हिशोब सोपा वाटतो, पण त्यातले दोन्ही आकडे मीटरच्या किलोमीटरवर काढलेले आहेत, आणि मीटर टायरच्या व्यासावर चालतो. नव्या टायरचा व्यास ६१५, म्हणजे मीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा मूळ मापाच्या कोऱ्या टायरच्या तुलनेत गाडी १०२ चाललेली असते. त्यामुळे १४.८ चे खरे १५.१ होतात.

आणि आधीचे साडेपंधरा? ते झिजलेल्या टायरवरचे. कोऱ्या टायरला नक्षी साधारण आठ मिलिमीटर असते. ती दोनवर आली की त्रिज्या सहाने आणि व्यास बाराने घटतो: ६०३ चे ५९१ होतात. तेव्हा मीटर १०० दाखवायचा आणि गाडी ९८ चाललेली असायची. साडेपंधराचे खरे झाले १५.२. म्हणजे १५.२ वरून १५.१. एवढा फरक तर पंपावर नोझल कुठे थांबलं यावरही पडतो. रुंद आणि जड टायर थोडं पेट्रोल खातो हे खरं, पण भाच्याला दिसलेली घट बहुतेक सगळी मीटरची होती. जीपीएसनेही तेच सांगितलं. आधी मीटरच्या १०० ला ९४ यायचे, आता ९८ च्या जरा खाली येतात. ५९१ आणि ६१५ यांच्यातला चार टक्क्यांचा फरक, बरोबर तेवढाच.

याचा एक व्यवहारी परिणाम त्याला लिहून दिला. सर्व्हिसचं अंतर दहा हजार दाखवेल तेव्हा गाडी सुमारे दहा हजार दोनशे चाललेली असेल. ऑइल बदलायला दोनशे किलोमीटर आधी गेलास तर काही बिघडत नाही.

कागदपत्रं

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. पंधरा इंची रिमवर १९५/६० हे या गाडीच्या स्टिकरवर छापलेलं माप नाही. त्यामुळे उद्या अपघाताचा दावा दाखल झाला तर सर्व्हेअर त्यावर बोट ठेवू शकतो. मी भाच्याला विमा कंपनीला मापासकट लेखी कळवायला आणि त्याची पोच ठेवायला सांगितलं. त्याला हे कंटाळवाणं वाटलं, तरी त्याने ईमेल केला. टायर मडगार्डच्या बाहेर आलेले असते तर मी मुळात हे करूच दिलं नसतं. इथे ते पूर्ण आत आहेत.

आताची स्थिती

एक पावसाळा झाला. अलॉय पुन्हा वाकलेले नाहीत, फुगा कुठे नाही. पेठच्या रस्त्याला खालून घासायचं कमी झालंय, थांबलेलं नाही. सहा मिलिमीटरने ते थांबणारही नव्हतं. पार्किंगमध्ये स्टिअरिंग किंचित जड वाटतं असं भाचा म्हणतो. ट्रकच्या चाकोऱ्या पडलेल्या डांबरी पट्ट्यात गाडी त्या चाकोरीच्या मागे जायला बघते, हे मात्र मलाही चालवताना जाणवलं. रुंद टायरचा तो स्वभावच आहे. १८५/६५ घेतला असता तर हे झालं नसतं असं मी त्याला ऐकवतो, आणि तो वळणावर वेग न कमी करता मला उत्तर देतो.

स्टेपनी जुन्याच मापाची, १८५/६०, तशीच ठेवली आहे. तिचा आणि बाकीच्या टायरचा व्यास दोन टक्क्यांनी वेगळा, म्हणून ती पंक्चरच्या दुकानापर्यंतच वापरायची. पुढचं चाक पंक्चर झालं तर शक्य असेल तेव्हा मागचं चाक काढून पुढे लावायचं आणि स्टेपनी मागे, म्हणजे एंजिन ज्या चाकांना फिरवतं ती दोन्ही सारख्या मापाची राहतात. रस्त्यावर उभं राहून दोन चाकं काढायचा हा उद्योग तो कधी करेल असं मला वाटत नाही, पण डिकीच्या झाकणाला आतून तशी चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे.